बिनफेसाची पुडी

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका मंगल कार्यालयात गृहोद्योगांचे प्रदर्शन भरले होते आणि बाहेर भाद्रपदातला पाऊस, बरसून बरसून स्वतःच कंटाळल्यासारखा, उगाच रिपरिपत होता. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग साचला होता. चकलीच्या तळणीचा खमंग वास, उदबत्त्यांचा धूर आणि भिजलेल्या पायपुसण्याचा कुबट दर्प एकमेकांत मिसळून छतापाशी घोटाळत होते. अगदी कोपऱ्यातल्या टेबलामागे केतकी उभी होती. निपाणीहून सकाळच्या पहिल्या बसने ती आली होती. दोन्ही खांद्यांवर पिशव्यांचे वळ उमटले होते. विक्रेत्याच्या मुद्रेवर असावे तेवढे हसू तिने सकाळपासून जपून ठेवले होते. परंतु दुपार कलली तसे ते हसूही पिशवीसारखे जड वाटू लागले.

तिच्यासमोर कागदी पुड्या मांडलेल्या होत्या. रिठा, शिकेकाई, लिंबाच्या वाळवलेल्या साली आणि थोडी चिंच यांची ती भांडी घासण्याची पूड. प्रत्येक पुडीवर मराठीत आणि कन्नडात, हिरव्या अक्षरांत, एकच मोठा शब्द छापलेला होता : परिसरस्नेही.

“अगंबाई, किती सुंदर काम करता हो ताई!” एक प्रौढ बाई थांबल्या. पुडी उचलून त्यांनी हुंगली, डोळे मिटले. “नदीनाल्यांची केवढी सेवा ही! तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.” मग पुडी होती तिथे ठेवून त्यांनी मनोभावे हात जोडले आणि पुढच्या टेबलावर निळ्या साबणाच्या वड्या घेतल्या.

“फेस येतो का?” दुसरीने विचारले.

“येतो, पण थोडा. रिठ्याचा फेस टिकत नाही. भांडं मात्र स्वच्छ—”

“मग राहू दे.”

एक गृहस्थ बायकोला हलक्या, पण ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाले, “हे सगळं हौसेचं असतं. घरी कुणीतरी मिळवतं असणार.” त्यांच्या मागून आलेल्या तरुणाने तर सरळच विचारले, “सेवाच करायची आहे तर फुकट वाटा की!”

केतकीला हे सारे पाठ होते. लोकांच्या दृष्टीने ती एक तर साध्वी होती, नाहीतर भोंदू. सरळ दुकानदारीण म्हणून तिच्याकडे पाहणारा मनुष्य तिला अजून भेटायचा होता.

“कन्नडात पुडी म्हणजे पूड…” कोणीतरी पुडीवरची बारीक कन्नड अक्षरे वाचत स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते, “आणि आपल्याकडे पुडी म्हणजे सोडायची ती. ही कुठली म्हणायची?”

तिने वर पाहिले. वाऱ्याने उलटी झालेली छत्री हातात धरून एक तरुण उभा होता. पांढऱ्या सदऱ्याची एक बाही भिजलेली, दुसरी कोरडी. तो खरेदीला आलेला नव्हता, आडोशाला आलेला होता, हे उघड दिसत होते.

“घासून बघा, मग ठरवा,” केतकी म्हणाली. स्वर तिला वाटला त्याहून जरा तिखटच निघाला.

“आणि हे परिसरस्नेही… स्नेह म्हणजे संस्कृतात तेलही बरं का. भांड्याचा स्नेह घालवायचा, आणि नाव मात्र स्नेही?”

“भांड्याचा जातो. परिसराचा राहतो.”

तो हसला. त्या हसण्यात हार मानल्याचा आनंद होता. “मी शाळेत संस्कृत शिकवतो. माझ्या वर्गात असं उत्तर कुणी देत नाही.”

“तुमच्या वर्गात मुलं बाकावर बसतात. सकाळपासून उभं राहून पायांत गोळे आले, म्हणजे अशी उत्तरं सुचतात.”

त्याने इकडेतिकडे पाहिले, व्यासपीठाजवळची एक रिकामी खुर्ची उचलली आणि काही न बोलता तिच्या टेबलामागे आणून ठेवली. खुर्चीच्या पाठीवर ‘प्रमुख पाहुणे’ असा कागद चिकटवलेला होता. तो त्याने काढून खिशात घातला. “पाहुणे काही आता येत नाहीत… बसा.”

एक पुडी घेऊन तो गेला. जाताना ‘येतो’ एवढेच म्हणाला. दिवसभर प्रत्येकाने तिला ताई म्हटले होते. त्याने कशानेच हाक मारली नव्हती, हे तिच्या ध्यानात आले ते खुर्चीत टेकल्यावर.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. कापडी पिशवीतून त्याने तळाशी करपलेले दुधाचे पातेले काढले आणि तिच्यापुढे ठेवले.

“तक्रार आहे.”

“काय?”

“तेलकट ताटं निघाली, कढई निघाली. ही दुधाची खरवड निघत नाही. काल बराच वेळ घासलं… हे बघा, बोटं बघा.”

केतकी त्या पातेल्याकडे पाहतच राहिली. आजवर पुडी नेऊन परत आलेला मनुष्य तिने पाहिलाच नव्हता. वाखाणणारे वाखाणून जात, संशय घेणारे संशय घेऊन जात. भांडे घेऊन भांडायला कोणी आले नव्हते. थकलेल्या चेहऱ्यावर, दिवसभर जपून ठेवलेल्या हसण्याहून निराळे, खरे हसू आपोआप उमटले.

“बसा,” ती म्हणाली, “बसा ना! पूड जाडसर दळायला हवी होती का… तुम्ही भिजवून ठेवलं होतं की कोरडंच घासलं?”

त्याचे नाव ज्योतिबा. बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या शेतकरी घरातला. भाताची खाचरे आणि शब्दांची रूपे या दोहोंत सारख्याच सहजतेने वावरणारा. आईवडील नव्हते, नागुबाई नावाच्या आत्याने त्याला वाढवले होते. केतकी दर आठवड्याला माल पोहोचवायला बेळगावास येई आणि तो दर आठवड्याला एक नवी तक्रार घेऊन बसस्थानकाजवळच्या चहाच्या गाड्यावर उभा असे. कधी पितळेच्या तांब्यावर डाग राहिला, कधी पुडीचा कागद ओलाव्याने फुटला, कधी वास फार आंबट आला. तीही चवताळून उत्तरे देई, आणि निपाणीस परतताना खिडकीशी बसून त्या तक्रारीवर काय उपाय करावा याचा विचार करी. विचार करता करता तिला कित्येकदा पुडीऐवजी दुसरेच काही आठवे — पावसात भिजलेली एक बाही, किंवा चहाचा पेला पुढे करताना त्याने तो आधी रुमालाने पुसला ते.

“तुमच्या आत्याबाईंना कशी वाटली?” एकदा तिने विचारले.

तो घुटमळला. “आत्ती म्हणते… तूच तिला घेऊन ये, मी तोंडावर सांगते.”

कंग्राळीच्या त्या घरामागे मोरीला लागूनच भाताचे खाचर होते. पिकाला नुकतीच लोंबी धरली होती. पाटावर बसलेल्या नागुबाईंनी केतकीला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

“ये बाई, बस. तू व्हय ती बिनफेसाची?”

“आत्ती!” ज्योतिबा कळवळला.

“तू गप रं. बाई, ह्या पोराचं तुला काय सांगू? जेवल्यावर ताट कधी उचललं न्हाय ह्येनं. आन् आता शाळंतनं आला की मोरीत बसतंय. धुतलेली भांडी बी परत घासतंय! शेजारीण इचारती, गुर्जींस्नी काय झालंय म्हणून. मी म्हटलं, पुडी लागलीया.”

केतकीने मान खाली घातली. पण त्याआधी त्या दोघांची दृष्टादृष्ट झालीच. ज्योतिबाचे कान लाल झाले होते आणि तो अत्यंत एकाग्रतेने भाताच्या खाचराकडे पाहत होता.

“पर खरं सांगू?” नागुबाई मग जरा मऊ स्वरात म्हणाल्या, “फेस न्हाय तवर माझ्या हाताला पटत न्हाय बघ. भांडं निघतंय, न्हाय म्हणत न्हाय मी. पर मन निघत न्हाय.”

ते वाक्य केतकीच्या मनात रुतून बसले. निपाणीपर्यंतच्या वाटेवर तिला ते पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले. वर्षानुवर्षे ती भांडी घासून दाखवत आली होती. मनाचे काय करावे हे तिला कोणी शिकवले नव्हते. आणि आता ती दमली होती. रिठे फोडून बोटांना भेगा पडल्या होत्या, दळणाच्या धुरळ्याने नाक सदैव चुरचुरे. कौतुकाला तोटा नव्हता. गावोगावच्या मंडळांनी तिचे सत्कार केले होते. कपाटाचे दोन खण शालींनी भरले होते आणि सत्काराच्या नारळांच्या वड्या खाऊन घरातली माणसे विटली होती. शाल घालणाऱ्यांपैकी पुडी मात्र कोणी मागवली नव्हती.

अशातच मारुतीरावांनी तिला बोलावले. बेळगावच्या रविवार पेठेतले ते जुने घाऊक व्यापारी. तालुक्यातालुक्यांत त्यांचा माल जाई. गादीवर टेकून ते सावकाश, वडीलकीने बोलले.

“हे बघ बाळ, माल तुझा चांगला हाय. पर गिऱ्हाइकाला डोळ्यानं फेस दिसाय पाहिजे. मी एक डबा देतो, फेसाचं औषध. दर दळणात जरा मिसळ. माझ्या सगळ्या दुकानांत तुझी पुडी लावतो.”

“आणि वरचा शब्द?”

“त्यो तसाच ऱ्हाऊ दे की! शब्दाला कुठं फेस येतोय?” ते स्वतःच्याच विनोदावर हसले. “लोकांस्नी शब्द बी पाहिजे आन् फेस बी पाहिजे. दोनी दे. दसऱ्यापतोर कळव.”

ती उठून उभी राहिली तेव्हा नाही म्हणावे एवढे बळही तिच्यात नव्हते. शब्द खोटा करायचा, की काम बंद करायचे? तिसरी वाट तिला दिसत नव्हती. एकच मनुष्य होता ज्याच्यापाशी हे बोलता आले असते. योगायोग असा की त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

“शनिवारी सकाळी शाळेत याल का? मला… जरा बोलायचं होतं.”

“चहाच्या गाड्यावर बोलू की.”

“गाड्यावर नाही… ते तिथं बोलण्यासारखं नाही. नीट, व्यवस्थित बोलायचं आहे.”

फोन ठेवल्यावर केतकी बराच वेळ हसत बसली. शनिवारी तिने अबोली काठांची इरकल नेसली, बसमध्ये ती चुरगळू नये म्हणून सबंध वाट ताठ बसून राहिली आणि मारुतीरावांचे सारे आज त्याला सांगायचे असे मनाशी ठरवले. त्याचे बोलणे आधी ऐकायचे. मग आपले.

शाळेच्या सभागृहात शिरताच तिला मंच दिसला. मंचावर समई, मुख्याध्यापक, हार, आणि तबकात घडी घातलेली शाल. ज्योतिबा ध्वनिवर्धकापुढे उभा होता. हातात कागद होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. घसा साफ करून त्याने आरंभ केला :

“आदरणीय केतकीताई…”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचे तिला तुटक तुटक ऐकू आले. व्रतस्थ… उपासिका… वसुंधरेची निष्काम सेविका… शब्द सुंदर होते, वाक्ये निर्दोष होती, आणि प्रत्येक वाक्यागणिक तो तिच्यापासून एक एक पायरी वर चढत होता — किंवा तिलाच वर चढवत होता, जिथून खाली उतरून कोणाशी दोन शब्द बोलता येऊ नयेत. आश्विनातल्या त्या उकाड्यात तिच्या खांद्यांवर शाल पडली. तिने हात जोडले. तिला जे येत होते ते तिने केले.

कार्यक्रम संपल्यावर तो तिला फाटकापाशी गाठायला धावत आला. “आवडलं? कसं सांगावं ते सुचत नव्हतं, म्हणून म्हटलं सर्वांसमोर…”

“ताई?” केतकी म्हणाली.

“अं?”

“तुम्ही मला इतके दिवस कशानेच हाक मारत नव्हता. प्रत्येक वाक्य बिनहाकेचं. मला वाटलं, तुम्ही एखादी हाक राखून ठेवली आहे.”

त्याचा चेहरा उतरला. “मंचावर नुसतं नाव कसं घेणार? मुख्याध्यापक होते, मुलं होती… तसं न्हाय हो ते…”

“लोक हात का जोडतात, सांगू का सर? जोडलेले हात खिशात जात नाहीत.” तिचा आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. “येताना वाट चुकून मी तुमच्या स्वयंपाकघराच्या बाजूनं आले. मुलांच्या जेवणाची पातेली घासत होते. निळ्या साबणानं. केवढा फेस होता! तुम्ही तक्रार घेऊन यायचात तेव्हा मला वाटायचं, हा एक मनुष्य मला मनुष्य समजतो. आज तुम्हीही माझी मूर्ती केलीत.”

शाल तिने घडी करून त्याच्या हातावर ठेवली आणि ती बसस्थानकाकडे चालू लागली. बस संकेश्वरच्या पुढे गेली तेव्हा तिने मारुतीरावांना फोन लावला.

“डबा पाठवा.”

निपाणीतली तिची जागा म्हणजे तंबाखूची एक जुनी वखार होती. तंबाखू जाऊन वर्षे लोटली तरी भिंतींतून तो उग्र, गोडसर वास अजून झरे. त्यात रिठ्याचा धुरळा मिसळला की आत शिरणारा मनुष्य शिंकल्यावाचून राहत नसे. दसरा तोंडावर आला होता. मारुतीरावांच्या डब्याचे झाकण उघडून केतकीने त्यातले औषध चमचाभर पुडीत कालवले आणि परातीतल्या पाण्यात हात घातला.

फेस आला. पांढराशुभ्र, दाट फेस कोपरापर्यंत चढत गेला. दाराच्या फटीतून आलेल्या उन्हात त्यात रंग चमकत होते. मन निघेल असाच फेस होता तो.

तेवढ्यात दारात कोणीतरी शिंकले.

ज्योतिबा उभा होता. प्रवासाने सदरा चुरगळलेला, डोळे जागरणाने ओढलेले. “रजा टाकून आलोय,” तो म्हणाला.

“बसायला जागा नाही.”

तो रिठ्याच्या पोत्यावर बसला. पोते करकरले, धुरळा उडाला, तो पुन्हा शिंकला. मग त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

“मला तुमच्याबद्दल आदर नाही.”

केतकी वळली.

“म्हणजे होता… लई होता. त्योच आडवा आला. चांगलं बोलायचं म्हटलं की मला व्याख्यानच सुचतं हो. रात्ररात्र बसून लिहिलेलं भाषण त्ये. त्यात सगळं होतं, एवढंच नव्हतं, की तुम्ही मला— आं… आं…” आणि तो इतक्या जोरात शिंकला की छपरातला एक पारवा फडफडून उडाला.

“शुभ बोलताना शिंकू नये,” केतकी म्हणाली. तिने ओठ घट्ट मिटले होते.

“पोत्यावर बसवलंय तुम्हीच! …तुम्ही मला आवडता. मंचावर नव्हे. घरात. मोरीजवळ. माझी चूक काढताना. केतकी… हां, झालं, म्हटलं एकदा. केतकी. पुन्हा शिंक यायच्या आत सांगितलं.”

 परातीतला फेस विरत, हलकासा आवाज करत होता.

“इकडे या,” ती अखेर म्हणाली. “बघा. ही तुमची वसुंधरेची सेविका. हा फेस पुडीत जाणार आहे आणि वरचा शब्द तसाच राहणार आहे. आता म्हणा पाप. समजावा मला. तुम्हाला चांगलं समजावता येतं.”

त्याने बोटाने थोडा फेस उचलला, उन्हात धरला. “झकास आहे. आत्ती खूश होईल.”

“थट्टा करताय?”

“न्हाय. तुम्ही दमलाय. दमलेल्या माणसाला न्याय शिकवणारा मी कोण? मिसळायचं तर मिसळा. पुडीवर मात्र तसं छापा, म्हणजे झालं. मी त्या पुडीनंही भांडी घासीन. बंद करायचं असलं तर बंद करा. तुम्ही फेसाच्या असा, बिनफेसाच्या असा… मी आपला येणार. तक्रार असेलच काहीतरी.”

केतकीच्या डोळ्यांत पाणी आले. रिठ्याचा धुरळा, असे तिने म्हटलेही असते. पण म्हणाली नाही. तिच्याकडून थोर असण्याची अपेक्षा न ठेवता कोणीतरी तिच्या वखारीत बसले होते, हे तिला नवे होते. त्या एका क्षणात खांद्यांवरचे कितीतरी खाली उतरले, आणि मोकळ्या झालेल्या मनाला एकदम एक साधी गोष्ट सुचली. ओला हात पदराला पुसून तिने मारुतीरावांना फोन लावला.

“काका, फेस घालते. पण मग परिसरस्नेही हा शब्द काढून टाकते.”

 मारुतीराव म्हणाले, “मग तुझ्या पुडीत आन् दुसरीत फरक काय ऱ्हायला, बाळ? फेसाचा माल माझ्याकडं ढिगानं पडलाय.”

“हेच ऐकायचं होतं, काका. डबा परत पाठवते. राग मानू नका.”

फोन खाली ठेवून ती ज्योतिबाकडे पाहत राहिली. “त्यांना माझी पूड नकोच होती. शब्द हवा होता. आणि मीही आजवर शब्दच विकत बसले. लोक शब्द वाचतात, हात जोडतात. पुडी कुणी उघडतच नाही. फेस नको, आणि तो शब्दही नको. भांडी घासायची पूड, एवढंच लिहू.”

“आणि माझ्या बोलण्याचं काय?” त्याने हळूच विचारले.

“त्याचं उत्तर आज नाही. आज मी दमलेय,” केतकी म्हणाली, पण परातीतला तो फेस मोरीतून नाल्यात न सोडता, निराळ्या डब्यात भरून ठेवायला तिने त्यालाच सांगितले, आणि तो काम करीत असताना ती पोत्याला टेकून, कितीतरी दिवसांनी, निर्धास्त डोळे मिटून बसली.

दिवाळीच्या आधीच्या आठवडी बाजाराला चिकोडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मिरच्यांचे ढीग, घोंगड्या, मातीच्या पणत्या, कोंबड्यांच्या डालग्या. मराठी-कन्नडाचा एकच कोलाहल उसळला होता. केतकीने तरटावर पुड्या मांडल्या होत्या. हिरवी अक्षरे गेली होती. साध्या कागदावर दोन्ही भाषांत काळ्या शाईचे तीन शब्द होते. शेजारी पाण्याची बादली, आणि बादलीजवळ पाटावर बसून, बाह्या सारून, ज्योतिबा लोकांनी पुढे केलेली तेलकट भांडी घासत होता. सकाळपासून मान वर करायला त्याला सवड मिळाली नव्हती. केतकीचेही पाय दुखत होते, घसा बसला होता. पूर्वीसारखीच ती दमली होती. परंतु आज कोणी तिला सेविका म्हटले नव्हते.

नऊवारीतली एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून उकिडवी बसली. पाटीतून तिने काळवंडलेली कढई काढून ज्योतिबापुढे आदळली. “घासून दावा.”

त्याने घासली. बाईने काठावरून बोट फिरवले. कर्र असा आवाज झाला.

“फेस कुठाय?”

“फेस नाही येत फारसा, मावशी,” केतकी म्हणाली.

“निघतंय न्हवं? मग फेस काय चाटायचा हाय?” बाईने चार पुड्या उचलून बाजूला ठेवल्या. “पर लई लावलाय भाव. ही काय सोन्याची पूड हाय व्हय? लुटतीस गं बाई तू!”

लुटतेस. केतकीला तो शब्द फार गोड वाटला. कोणीतरी तिच्याशी घासाघीस करीत होते. तिच्या मालाला माल समजत होते.

“एवढंच परवडतं, मावशी. रिठे जांबोटीच्या रानातून येतात, फोडायला माणसं लागतात.”

“तुझ्याशी कोण बोलतंय? भाव मी मालकांस्नी इचारते.” बाईने ज्योतिबाकडे हनुवटी केली. “काय वो मालक?”

“मालकीण मी आहे,” केतकी म्हणाली. “पुडी माझी, भाव माझा.”

“अगं बया! मग ह्यो कोण? गडी ठेवलाय व्हय?”

ज्योतिबाचा हात कढईवर थांबला. त्याने मान वर केली नाही. पण कान लाल होत होत मानेपर्यंत रंग उतरत गेला. वखारीतल्या त्या दुपारपासून त्याने एकदाही विचारले नव्हते. दर सुटीला नुसता येत राहिला होता. बाजाराचा कोलाहल चालू होता, कोणीतरी कन्नडात लिंबांचा भाव ओरडत होते, आणि केतकीला वाटले, नीट व्यवस्थित बोलायला याहून वाईट जागा सापडायची नाही… आणि चांगलीही.

“गडी नव्हेत, मावशी,” ती म्हणाली. “हे… आमचे हे आहेत.”

कढई बादलीत निसटली. पाणी उडाले, बाईच्या पायांवर आले. तिने एकदा केतकीकडे पाहिले, एकदा ज्योतिबाकडे. तो ओल्या हातांनी तसाच बसला होता आणि भर बाजारात, सर्व जग विसरून, केतकीकडे पाहत होता.

“अवो हे!” मावशी कडाडली, “घरला जाऊन बघा की तिच्याकडं! माझ्या कढईचं बूड ऱ्हायलंय अजून.”